वीतभर थांबणं

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका खोलीत चला. भिंतींना जाड कापड लावलेलं आहे, खिडकी एकही नाही आणि दार इतकं जड, की तुम्हाला दोन्ही हातांनी ढकलावं लागेल. ते एकदा मिटलं की रस्त्यावरचे हॉर्न नाहीत, पंख्याची घरघर नाही, काही नाही. दोन मिनिटं गप्प बसलात तर स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू येते. आली? मग उघडा डोळे. टेबलाशी चष्मा कपाळावर चढवून बसलेले गृहस्थ म्हणजे बटणकाका. या स्टुडिओत आवाज उतरवून घ्यायचं काम त्यांचं. शेजारी उंच स्टुलावर पाय हलवत बसलेली नऊ वर्षांची मुलगी म्हणजे भुंगा. ती सदा गुणगुणायची, म्हणून भुंगा.

“काका, ब्लेड कशाला काढलंत?”

“कापायला.”

“काय कापायचंय?”

“तुझ्या मामाची चूक.”

“केवढी आहे?”

बटणकाकांनी यंत्रावरची तपकिरी फीत अलगद उचलून टेबलावर सरळ केली. एका खुणेवर अंगठा टेकवला आणि करंगळी ताणली. “वीतभर. थोडी जास्तच.”

चूक वितीनं मोजता येते हे तुम्हाला ठाऊक नव्हतं ना? भुंग्यालाही नव्हतं. त्या काळी गाणं फितीवर उतरायचं आणि फीत यंत्रातून सरसर पळायची. एका सेकंदाला पावणेदोन वीत. म्हणजे टाळी चार बोटांत मावायची आणि चांगली सणसणीत शिंक दोन विती खायची. एकतीस वर्षं बटणकाका हेच करत आले होते. कुणी खोकलं, कुणाचा सूर घसरला, कुणाची खुर्ची करकरली, की तेवढी फीत तिरकी कापायची आणि उरलेली दोन टोकं चिकटपट्टीनं अशी जोडायची, की सांधा कुणाला सापडू नये. त्यांचा सांधा आजवर कुणाला सापडलाही नव्हता. कापलेले तुकडे मात्र ते टाकून देत नसत. चिठ्ठी लावून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. ‘व्हायोलिनवाल्याची शिंक.’ ‘दार, कुणीतरी लोटलेलं.’ ‘बाई मध्येच हसल्या.’

सोमवारी स्टुडिओत नवी यंत्रं यायची होती आणि ती चालवणारा नवा माणूसही. म्हणजे हा अल्बम काकांचा शेवटचा. त्यातली सात गाणी झाली होती, आठवं समोर होतं.

अल्बम होता भुंग्याच्या आईचा आणि मामाचा. आई गायची, तिचा धाकटा भाऊ गिटार वाजवायचा, चाली लावायचा. एक ड्रमवालाही होता, पण दोघांच्या भांडणाला कंटाळून तो कधीच दुसऱ्या बँडमध्ये गेला. त्याच्या जागी आता हेडफोनमधली टिकटिक होती.

आणि भांडण कसलं? दोन वर्षांपूर्वी रेडिओवरच्या मुलाखतीत मामा बोलून गेला, “चाली सगळ्या माझ्या. ताई फक्त गाते.” आई त्या वेळी स्वयंपाकघरात उभी होती, रेडिओ चालू होता. त्या ‘फक्त’वर तिनं रेडिओ बंद केला आणि भावाशी बोलणंही. पण अल्बम कबूल करून झाला होता. मग दोघांनी तोड काढली. आई सकाळी एकटी येऊन गायची, तिथून नोकरीवर जायची. मामा दुपारी दोनला येऊन वाजवायचा. गाताना-वाजवताना एकमेकांचं काही ऐकायचं नाही. टिकटिक ऐकून ज्यानं त्यानं आपापल्या फितीवर आपापला वाटा उतरवायचा, दोन फिती जुळवून एक गाणं करायचं काकांनी. तयार झालेलं गाणं तेवढं ज्यानं त्यानं आपापल्या वेळी ऐकायचं. पाचला आई भुंग्याला न्यायला यायची, त्याआधी पावणेपाचला मामा निघालेला असायचा. सुट्टी होती आणि घरी कुणी नव्हतं, म्हणून भुंगा दिवसभर काकांपाशी. निरोप तिच्याच हाती.

“भुंग्या, दुपारच्या महाशयांना सांग, तिसऱ्या गाण्यात गिटार अशी खणखणते, जसं कुणी भांडी घासतंय.”

दुपारी मामा म्हणायचा, “सकाळच्या बाईसाहेबांना सांग, भांडी निदान स्वच्छ तरी निघतात.”

भुंगा काना-मात्रा न बदलता निरोप पोचवायची. तिला वाटे, असं करता करता निरोप संपतील आणि मग दोघांना बोलावंच लागेल. निरोप काही संपत नव्हते.

त्या दिवशी काकांनी आठव्या गाण्याच्या दोन्ही फिती दोन यंत्रांवर चढवून एकदम सुरू केल्या होत्या. पहिलं कडवं झकास जुळलं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मात्र मामाची गिटार थांबली. एक टिक. तेवढ्या शांततेत आईचा आवाज अगदी वेळेवर आला. गिटार त्याच्यामागून निघाली ती शेवटपर्यंत एक टिक मागेच, लंगडत.

“मामाला टिकटिक ऐकू आली नाही का?” भुंग्यानं विचारलं.

“यायला काय झालं? कानातच होती.”

“मग तो थांबला का?”

काकांनी ब्लेड फितीवर टेकवलं होतं, ते तसंच राहिलं. का थांबला, ते त्यांना माहीत होतं. अल्बममधलं हे एवढंच गाणं जुनं. ही दोघं पहिल्यांदा आली ती हेच घेऊन, तेव्हा ताई सतरा वर्षांची होती आणि भाऊ चौदाचा. तिला लहानपणापासून दम्याचा त्रास. पहिलं कडवं संपलं की तिला श्वास पुरायचा नाही. मग तो पोरगा तिच्याकडे न बघता एक ठोका हात रोखून धरायचा. ती श्वास घ्यायची, आणि दोघं पुढे निघायची. लोकांना वाटायचं ही या बँडची लकब आहे. काकांनी ते थांबणं कधी कापलं नव्हतं.

“तिच्या श्वासासाठी,” ते म्हणाले.

“मग आई का नाही थांबली?”

“ते मात्र मला ठाऊक नाही बुवा.”

भुंगा फितीवर वाकली. “या वितीत आवाज कुठला आहे?”

“कुठलाच नाही. नुसतं थांबणं आहे.”

“आणि ते कापलं, की मामा थांबलाच नव्हता असं होणार?”

“तसंच दिसायला हवं. नाहीतर माझी एकतीस वर्षं कसली गं?”

बोलून गेले, पण हात पुढे जाईना. कापलं तर दहा मिनिटांत गाणं तयार. सांधा कुणाला सापडणार नाही आणि आपला भाऊ अजून आपल्यासाठी थांबतो हे ताईला जन्मात कळणार नाही. न कापता ऐकवलं तर? दोघंही म्हणतील, काकांचे कान गेले, बरं झालं नवा माणूस येतोय.

“आईला एकदा ऐकू दे ना,” भुंगा म्हणाली. “मग कापा.”

काकांनी ब्लेड कागदात गुंडाळून खिशात टाकलं.

बाहेरच्या खोलीत मामा गिटार पेटीत ठेवत होता. घड्याळात पावणेपाच. “थांब रे जरा,” काकांनी हाक मारली, “एक गोष्ट तपासायची आहे.”

“काका, पाचला ती येते.”

“येऊ दे की! जिना काय तुझ्या नावावर आहे?”

पाचला आई आली. भावाला बघून दारातच वळली. “मी खाली उभी राहते, काका. भुंग्याला पाठवा.”

“तीन मिनिटांचं गाणं आहे. बस. मला उभ्या माणसांना गाणं ऐकवता येत नाही.”

एक या भिंतीला बसली, एक त्या. काकांनी दोन्ही यंत्रांची बटणं एकदम दाबली. पहिलं कडवं झालं. गिटार थांबली, आवाज आला आणि गाणं लंगडायला लागलं.

“काका, हे काय जोडलंय तुम्ही?” आई म्हणाली.

“काकांना सोमवारची घाई झालेली दिसते,” मामा म्हणाला.

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एकतीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. “मी बोटसुद्धा लावलेलं नाही,” ते सावकाश म्हणाले. “तुम्ही जसं दिलंत तसं ऐकवलं.”

मग कुणीच बोलेना. तुम्हाला सांगितलंच आहे, त्या खोलीत शांतता फार मोठी असते.

शेवटी आई म्हणाली, “भुंग्या, विचार त्याला, का थांबला.”

“तिला म्हणावं, हाताला सवय आहे. आणि तीच का नाही थांबली? तिला धाप लागते ना तिथं?”

“सांग त्याला, दोन वर्षं रोज सकाळी उठून श्वासाचा अभ्यास करतेय. कुणाच्या थांबण्यावर गायची वेळ येऊ नये म्हणून.”

भुंग्यानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. “मी कशाला सांगू? तुम्ही दोघं इथंच तर बसलाय!”

मामानं मान खाली घातली. मग जमिनीकडे बघतच म्हणाला, “पुरतो आता?”

“पुरतो.”

“मला माहीत नव्हतं गं.”

“मी रेडिओवर नव्हतं सांगितलं.”

मामाला हे लागलं असावं. तो उठला, गिटारची पेटी उघडून गिटार घेऊन काचेपलीकडच्या, गायच्या-वाजवायच्या मोठ्या खोलीत जाऊन बसला. थोड्या वेळानं आईनं पर्स स्टुलावर ठेवली आणि तीही आत गेली. काकांनी टिकटिक बंद केली, नवी फीत चढवली आणि काचेतून हात वर केला.

पहिलं कडवं छान झालं. मग बघा काय झालं. आता हिला श्वास पुरतो म्हणून मामा न थांबता सुसाट पुढे गेला. आणि हा थांबतोच म्हणून आई थांबली. गिटार एकटीच दुसऱ्या कडव्यात शिरली आणि आई तोंड उघडून तशीच उभी.

“अरे गाढवा!”

“तूच म्हणालीस ना पुरतो म्हणून?”

“म्हणून काय लगेच पळत सुटायचं?”

आणि आई फिस्सकन हसली. मामा गिटारवर कपाळ टेकून हसायला लागला. आईला हसता हसता धाप लागली, तशी ती भिंतीला टेकली आणि हातानंच ‘थांब, थांब’ म्हणत पुन्हा हसली. फीत फिरत होती. काकांनी बटणाला हात लावला नाही.

पुढच्या वेळी मामानं पहिलं कडवं संपताना मान वर केली. आईनं हनुवटी किंचित उचलली, आणि दोघं एकदम निघाली. काकांनी नंतर मोजून पाहिलं. थांबणं होतं, पण वीतभर नव्हतं. चार बोटांचं होतं. आठवं गाणं झालं.

यापुढे सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. आईनं पर्स उचलली. मामा म्हणाला, पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या बँडबरोबर दौऱ्यावर निघणार आहे. “बरं,” आई म्हणाली. दोघंही जिना उतरायला लागली. तो पुढे, ती आठ-दहा पायऱ्या मागे.

भुंगा चपला घालायला मागे राहिली होती. काकांनी दोन तुकडे कापून टेबलावर ठेवले होते. एक लांबलचक, गुंडाळी केलेला. दुसरा वीतभर.

“हे हसणं,” ते म्हणाले, “आणि हे मामाचं थांबणं. एक तू घे. एक माझ्या डब्यात राहू दे.”

भुंग्यानं विचार करायला फार वेळ घेतला नाही. तिनं वीतभर तुकडा उचलून आपल्या पंजावर ताणून पाहिला. तिची वीत लहान होती, फीत दोन बोटं बाहेर उरली.

“हसणं तुम्हाला राहू दे,” ती म्हणाली. “सोमवारपासून तुम्ही घरीच ना?”

काकांनी चिठ्ठी लिहिली. काय लिहावं ते सुचेना म्हणून नुसती तारीख घातली. गुंडाळी डब्यात ठेवली, खिशातलं ब्लेड काढून तेही तिच्यावर ठेवलं आणि झाकण लावलं. मग ते जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

खाली मामानं स्कूटर सुरू केली होती. आई फाटकाशी पोचली होती. भुंगा फीत मुठीत धरून उड्या मारत गुणगुणत उतरत होती. शेवटच्या पायरीवर मात्र ती थबकली.

“चल की गं!” फाटकातून आई ओरडली.

“भुंग्या, सोडू का घरापर्यंत?” स्कूटरवरून मामा ओरडला.

भुंगा आईकडे गेली नाही. मामाकडेही गेली नाही. तिनं गुणगुणणं बंद केलं, मूठ घट्ट मिटली, आणि मामा स्कूटर बंद करून व आई फाटक सोडून परत पायरीपाशी येईपर्यंत ती तिथंच थांबून राहिली.