चाळीस पाठकोरी पाने

मित्रांनो, राग आला म्हणून काय कुणाच्याही डोक्यावर मारायचे? सरांनी मात्र आज मला थाडकन ठेवून दिली.

मी एक जुना प्रिंटर आहे. कॉलेजसमोरच्या दुकानात अकरा वर्षे राबतो आहे. मालकीण मावशी चौथी शिकलेल्या, मी तर बिनशाळेचा. पण माझ्या पोटातून गेली तेवढी विद्या सरांच्या डोक्यातून गेली नसेल. नवा होतो तेव्हा पोरे म्हणत, "अक्षर बघ, मोत्यासारखं!" आता रोलर झिजले, कागद अडकतो, आणि वाट्याला येतात नुसत्या शिव्या.

मावशींची सून नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या जखमांवर ती प्रबंध लिहिते आहे. तिला मार्गदर्शन करणाऱ्या या सरांनी बजावले होते, "माझ्या लेखाचा आधार त्यात नसेल, तर मी सही करणार नाही." मुदत आज संध्याकाळची. लेख विकत घ्यायचा तर पगार पुरत नाही, म्हणून सगळे जातात त्याच फुकटच्या साइटवर तीही गेली. घाईत न बघताच तिने छापायचे बटण दाबले. मावशी पोरांच्या नोट्सच्या चाळीस प्रती काढतात आणि आकडा तसाच सोडतात. मी चाळीस पाने ओकलो. प्रत्येकावर एकच ओळ : न्यायालयाच्या आदेशाने हे संकेतस्थळ बंद करण्यात आले आहे.

तेवढ्यात सर आले. "मशीन बिघडलंय," म्हणत त्यांनी मला हाणले. मग पान उचलून वाचले.

"सर, तुमच्याकडे असेल ना एखादी प्रत?" सुनेने विचारले.

"जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेली. आणि हक्क सगळे प्रकाशकाचे. मीच सही करून दिलेत."

"वाचून केलीत सही?" मावशी म्हणाल्या.

"एवढा वेळ कुठे असतो, मावशी!"

मित्रांनो, मी थकलो आहे. जिवंत आहोत तोवर आम्हाला जरा पुसा, जपा. आणि दुसऱ्याची चूक आमच्या माथी मारू नका. मला बोलता येत नाही. मावशींना येते. त्यांनी ती पाने उलटी करून सुनेपुढे ठेवली, स्टूल ओढले आणि म्हणाल्या,

"सर, लेकरू तुमचं. न बघता दत्तक दिलंत तुम्ही, आणि आता 'आणून दाखव' म्हणून माझ्या सुनेला छळताय? कोर्टाचं कोर्ट बघेल. लेख डोक्यात तरी उरलाय ना? मग बसा इथे आणि तोंडाने सांगा. ती लिहून घेईल. चाळीस पानं पाठकोरी आहेत, आणि संध्याकाळ व्हायला अजून वेळ आहे!"