नवव्या अल्बमचा वेग

दुरुस्तीवाल्याने ठिपक्यांची चकती थाळीवर ठेवली, ट्यूबलाइट लावली आणि चष्मा कपाळावर ढकलून वाकून पाहिलं. थाळी फिरत होती आणि ठिपके जागच्या जागी उभे होते. रेकॉर्ड प्लेअरचा वेग बरोबर असला की ट्यूबलाइटच्या उजेडात हे ठिपके स्थिर दिसतात. जरा कमीजास्त झाला की मागेपुढे सरकायला लागतात. त्याने चांगली दोन मिनिटं वाट पाहिली. एकही ठिपका हलला नाही.

म्हणजे मशीन ठीक होतं आणि आत्ता ऐकला तो नववा अल्बम खरोखरच इतका जिवंत होता.

गुरुवारची दुपार होती. दुकानाच्या मागच्या खोलीत उघडी पडलेली यंत्रं, तारांची भेंडोळी आणि तीन खुर्च्या होत्या. या तीन खुर्च्यांवर गेली पस्तीस वर्षं दर शनिवारी तीन माणसं बसत आली होती. दुरुस्तीवाला स्वतः, भूमिती शिकवणारे मास्तर आणि पोस्टमन. नोकऱ्या संपल्या, केस गेले, पण तिघांचं वेड काही गेलं नाही. जगात बँड एकच, बाकीचे नुसते आवाज करतात, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या बँडने नऊ अल्बम काढले. पहिले सहा म्हणजे यांचं दैवत. शेवटचे तीन यांनी तरुणपणीच मोडीत काढले होते.

आणि आता मास्तरांनी घोळ घातला होता. हल्लीची मुलं इंटरनेटवर त्याच शेवटच्या तीन अल्बमना डोक्यावर घेऊन नाचतायत, असं त्यांच्या वाचनात आलं. मास्तरांना रात्रभर झोप लागली नाही. शेवटी फेरतपासणी करायचं ठरलं. मोबाईलवर नाही, रीतसर, क्रमाने, दर शनिवारी एक. सातवा झाला, आठवा झाला. दोन्ही पूर्वीइतकेच वाईट निघाले आणि तिघांनाही बरं वाटलं. येत्या शनिवारी नववा होता.

नवव्याची रेकॉर्ड तिघांपैकी कुणाकडेच नव्हती, होत्या त्या जुन्या कॅसेटी. रेकॉर्ड होती मेहुण्याकडे. परवा बायको भावाला भेटून आली ती रेकॉर्ड पिशवीत घेऊनच.

"त्याने दिलीय," ती म्हणाली होती. "म्हणाला, भावोजींना सांग, नीट ऐका आणि खरं काय ते मला कळवा. आता फार दिवस नाहीत म्हणतो."

"काहीतरी बोलतो."

"डॉक्टरही तेच म्हणतात," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली होती.

आता दुरुस्तीवाल्याने खणातून आपली जुनी कॅसेट शोधून काढली. रेकॉर्डच्या वेष्टनावर पहिल्या बाजूची लांबी छापली होती, एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद. त्याने कॅसेट लावली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. तेच संगीत, पण वाळूतून चालल्यासारखं. गाणाऱ्याचा गळा बसलेला, ढोल वाजवणाऱ्याच्या हातात जीव नाही. एकवीस मिनिटं पाच सेकंदांनी बाजू संपली.

त्याने घड्याळाकडे बघणं थांबवलं नाही. सगळं आठवायला त्याला फार वेळ लागला नाही.

एकतीस वर्षांपूर्वी त्याच्या स्वतःच्या प्लेअरचा थाळी फिरवणारा रबरी बेल्ट सैल झाला होता. गिऱ्हाइकाचं मशीन असतं तर त्याने त्याच दिवशी बदलला असता. पण आपलंच तर आहे, करू कधीतरी, म्हणून महिनाभर तसंच रेटलं. नेमक्या त्याच महिन्यात मेहुणा नवव्याची नवीकोरी रेकॉर्ड घेऊन नाचत आला होता. हा सगळ्यांत चांगला अल्बम आहे, असं त्याचं म्हणणं. दुरुस्तीवाल्याने त्याच प्लेअरवर ती चढवून सगळ्यांना कॅसेटी करून दिल्या. शनिवारी सगळे ऐकायला बसले आणि मास्तरांनी वहीत निकाल लिहिला: दहापैकी दोन, थकलेली माणसं.

मेहुणा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तो एवढंच म्हणाला होता, "माझ्याकडे हे असं वाजत नाही."

"तुझ्याकडे सगळंच वेगळं वाजतं," पोस्टमन म्हणाला होता आणि सगळे पोट धरून हसले होते. दुरुस्तीवालाही हसला होता, त्याचं हसणं तर जरा जास्तच लांबलं होतं.

पण हे काहीच नव्हतं. मेहुणा दुसऱ्या दिवशी आपला प्लेअर काखोटीला मारून दुकानात आला. "भावोजी, माझं मशीन बहुतेक पळतंय. जरा बघता का?" तेव्हा ही ठिपक्यांची चकती त्याच्याकडे नव्हती. त्याने दोन्ही मशिनं शेजारी ठेवली, एक कान इकडे, एक तिकडे, आणि मेहुण्याच्या मशीनचा मागचा स्क्रू फिरवून त्याचा वेग आपल्या मशीनबरोबर आणला. "हे घे. आता बरोबर झालं."

पुढच्या महिन्यात त्याने स्वतःचा बेल्ट बदलला, जुना केराच्या टोपलीत टाकला आणि विसरून गेला.

मेहुणा त्या काळात कीबोर्ड वाजवायचा. चांगला वाजवायचा. नवव्याच्या वळणाच्या तीन रचना त्याने स्वतः बांधल्या होत्या आणि दुसऱ्या शहरातल्या एका वाद्यवृंदाने त्याला बोलावलं होतं. महिन्याच्या आत कळवायचं होतं. त्याने नाही म्हणून कळवलं. मेलेलं आणि जिवंत यातला फरक ज्याला ऐकून कळत नाही त्याने वाजवायचं कशाला, असं बहिणीला म्हणाला. त्याला म्हणे आता सगळ्याच रेकॉर्डी थकल्यासारख्या वाटत होत्या. कीबोर्डशी त्यांचा सूरही जुळेना, तर त्याने कीबोर्डलाच दोष दिला. वर्षाच्या आत तो काचेच्या कारखान्यात चिकटला. बाटल्या उजेडाला धरायच्या आणि तडा असेल ती बाजूला काढायची. हे त्याने अठ्ठावीस वर्षं केलं.

दुरुस्तीवाल्याने थाळी बंद केली. थाळी थांबली तरी तो ठिपक्यांकडेच बघत होता. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

शनिवारी दोघे ठरल्या वेळी आले. मास्तरांच्या हातात ती जुनी वही होती. वाजत असताना बोलायचं नाही, हा इथला नियम. दुरुस्तीवाल्याने सुई टेकवली आणि तो दाराशी उभा राहिला. दारापलीकडे घरच होतं आणि स्वयंपाकघरातून बायको काहीतरी निवडत असल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तोही थांबला.

पहिल्या पाच मिनिटांतच पोस्टमन खुर्चीत पुढे सरकला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, हातातच धरून ठेवला. मधल्या भागात कीबोर्ड एकटाच धावत सुटतो आणि बाकीचे एकेक करून त्याला गाठतात, तिथे पोस्टमनचा पाय हलायला लागला. सत्तरीच्या माणसाचा पाय, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. बाजू संपली. सुई मधल्या रिकाम्या चरीत टकटक करत राहिली आणि ती उचलायचं कुणाला सुचलं नाही.

"हा नववा?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"मग आपण काय ऐकलं होतं तेव्हा?"

सांगायचं होतं ते आत्ताच सांगता आलं असतं. दुरुस्तीवाल्याने सुई उचलून जागेवर ठेवली.

"तेव्हा आपल्याला अक्कल नव्हती," तो म्हणाला.

"ते मात्र खरं," पोस्टमन म्हणाला. "तुझ्या मेहुण्याला होती. आपण पोराला काय काय बोललो रे."

मास्तरांनी वही उघडली, जुन्या निकालावर पट्टी धरून सरळ रेघ मारली आणि शेजारी नऊ लिहिलं. एक मार्क त्यांनी सवयीने कापला. मग म्हणाले, "उद्या जाणार आहेस ना त्याच्याकडे? सांग त्याला. म्हणावं, मास्तरांनी हात जोडलेत. असल्या बातमीने माणसाला चार दिवस जास्त मिळतात."

दोघे खुशीत गेले. तीस वर्षांची चूक सापडल्याचा एवढा आनंद फक्त ज्यांचं त्यात काही गेलेलं नाही अशांनाच होतो.

रविवारी सकाळी दुरुस्तीवाल्याने रेकॉर्ड पिशवीत घातली आणि छोटा स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. रात्रभर विचार करून त्याने ठरवलं होतं. आधी मशीन ठीक करायचं, मग सांगायचं, मग मेहुणा काय म्हणेल ते खाली मान घालून ऐकून घ्यायचं. बायको सोबत होती. तिला त्याने अजून काही सांगितलेलं नव्हतं.

मेहुणा तिसऱ्या मजल्यावर राहायचा. खिडकीशी उशांना टेकून बसला होता. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण अंगात काही उरलं नव्हतं. बायकोने आत जाऊन त्याची औषधं बघितली, चादर नीट केली, आणि स्वयंपाकघरात पाणी तापत ठेवलं.

"ऐकलंत?" मेहुण्याने विचारलं.

"ऐकलं. काल तिघांनी मिळून ऐकलं."

"थांबा, लगेच सांगू नका." त्याने श्वास घेतला. "आधी मी बोलतो. लोक म्हणतात आता, की तो अल्बम फार चांगला आहे म्हणून. मुलीने मला वाचून दाखवलं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. मी तुमच्या सगळ्यांवर विश्वास ठेवून सोडलं ना सगळं. स्वतःच्या घरी ऐकून खात्री केली आणि मग सोडलं. आता तो चांगला होता असं निघालं तर मी काय करू, भावोजी? मला आता काय करता येणार आहे?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"लावून बघू या," दुरुस्तीवाला कसाबसा म्हणाला.

प्लेअर कपाटावर होता, कापडाने झाकलेला. त्याने कापड काढलं. धूळ नव्हती, कुणीतरी नेमाने पुसत असणार. तो मशीनच्या मागे वाकला आणि खिशात हात घातला. स्क्रू तिथेच होता, त्यानेच फिरवलेला.

"मागे काही करू नका," मेहुणा म्हणाला. "तुम्ही लावून दिलेला वेग आहे. एवढ्या वर्षांत कुणाला हात लावू दिला नाही. मुलगी म्हणाली होती दुसऱ्याला दाखवू, मी म्हटलं, भावोजींच्या हातचं आहे, ते बिघडायचं नाही."

स्क्रूड्रायव्हर मुठीत होता. मूठ खिशात होती. एक वेढा, फार तर दीड, एवढंच काम होतं. दुरुस्तीवाला त्या स्क्रूकडे बघत राहिला. मग त्याने हात रिकामाच बाहेर काढला आणि रेकॉर्ड थाळीवर ठेवली.

संगीत सुरू झालं. वाळूतून चालल्यासारखं, बसलेल्या गळ्याचं. मेहुण्याने डोळे मिटले. सगळा चेहरा कानात गोळा झाला होता. मधला भाग आला आणि कीबोर्ड एकटाच पुढे निघाला, पाय ओढत, आणि बाकीच्यांना त्याला गाठायची काही घाई नव्हती. मेहुण्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या.

"थकलेलेच आहेत," तो म्हणाला. "आहेत ना?"

"हो," दुरुस्तीवाला म्हणाला.

"चला, सुटलो. म्हणजे मी वेळेवर उठलो त्यातून." तो थोडा हसला. "उगाच घाबरवलं त्या लोकांनी. काहीही लिहितात."

बाजू संपायच्या आधीच त्याला झोप लागली. कित्येक दिवसांत अशी लागली नव्हती, असं आतल्या खोलीतून आलेली त्याची मुलगी कुजबुजत म्हणाली. दुरुस्तीवाल्याने सुई अलगद उचलली, रेकॉर्ड वेष्टनात घातली आणि मशीनवर पुन्हा कापड टाकलं. कापडाची टोकं त्याने दोनदा सारखी केली.

दोघं जिना उतरू लागले. पिशवी त्याच्या हातात होती. दुसऱ्या मजल्यावर बायको थांबली.

"शनिवारी हे असं वाजत नव्हतं," ती म्हणाली.

तो एक पायरी खाली होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"त्याचं मशीन चुकीचं आहे?"

"हो."

"कुणी लावलं?"

त्याचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरवर गेला. बायको कठड्याला धरून उभी राहिली. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार हळूच लावून घेतलं. ती त्या आवाजाकडे बघत राहिली, एक पाय वरच्या पायरीवर ठेवून. मग तिने तो पाय खाली घेतला.

"आज नको," ती म्हणाली. "आज त्याला झोपू दे."

तिने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. लग्नापासून पिशवी कायम तोच धरत आला होता. ती त्याच्या पुढे होऊन उतरू लागली, आणि चार पायऱ्या खाली गेल्यावर, मान न वळवता म्हणाली,

"उद्याही नको."