तीनदा ऐकल्याशिवाय मत नाही

कवळीकाकांच्या घरात एक नियम होता. शीळवाल्याची नवी रेकॉर्ड आली की ती तीनदा ऐकल्याशिवाय कोणी मत द्यायचं नाही. पहिल्यांदा ऐकताना माणूस तिच्यात जुनी रेकॉर्ड शोधत असतो, दुसऱ्यांदा ती सापडत नाही म्हणून रुसून बसतो, आणि तिसऱ्यांदा कुठे समोर काय वाजतंय ते त्याच्या कानात शिरतं, असं काकांचं म्हणणं. काकूंना हा नियम लग्नानंतर आठवड्याभरात कळला. घरातले बाकीचे सगळे नियम सासूबाईंनी आधीच सांगितले होते, हा एवढा नेमका गाळला होता.

काका कवळ्या बनवत. लोकांना वाटतं दातांचं सगळं डॉक्टरच करतात. डॉक्टर तोंडाचा ठसा घेतात आणि शेवटी कवळी बसवून शाबासकी घेतात. मधलं सगळं काम कुठल्यातरी मागच्या खोलीत काकांसारखा माणूस करतो, आणि पेशंटला त्याचं तोंडही दिसत नाही. काकांची खोली एका इमारतीच्या तळघरात होती. खिडकी बरोबर रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. "अख्ख्या गावाचे पाय आणि दात मला पाठ आहेत, मधलं काही विचारू नका," असं ते म्हणत. हा विनोद काकूंनी तीनशे वेळा तरी ऐकला असेल.

शीळवाल्याची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा काका बावीस वर्षांचे होते. एक गिटार, एक आवाज, आणि पुढच्या दोन दातांमध्ये फट. 'स' आला की त्या फटीतून हवा निसटायची आणि शब्दाला बारीकशी शीळ लागायची. तो काही मुद्दाम करत नव्हता. पण लोक त्या शिळेवर खुळावले, आणि त्याचं खरं नाव मागे पडून तो शीळवालाच झाला. आवडत्या गायकाला कोणी अहोजाहो करत नाही, तेव्हा काकांसाठीही तो कायम 'तो'च राहिला.

तिसऱ्या रेकॉर्डवर त्याने गिटार बाजूला ठेवली आणि मागे बारा माणसांचा बँड उभा केला. तुताऱ्या काय, ढोल काय. तोवर काकांचा मेहुणा, म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, त्यांच्याइतकाच वेडा होता; दोघं मिळून रेकॉर्डी आणायचे. ही एकदा ऐकली आणि तो उठलाच.

"भावोजी, हा गेला कामातून."

"अजून दोनदा ऐकायची आहे."

"तुम्ही ऐका. शीळ कुठे आहे यात? शोधून दाखवा, मी मिशी काढतो."

मेहुण्याची मिशी राहिली. पुढे शीळवाल्याने इलेक्ट्रॉनिक मशीनवर गाणी केली, ती ऐकताना कोणीतरी पत्र्याच्या डब्यात बसून गातंय असं वाटायचं. मग लहान मुलांची गाणी केली. मग दुसऱ्यांचीच जुनी गाणी म्हटली. मग सात वर्षं गप्प. जुने चाहते एकेक करून गळाले. काका हलले नाहीत. कॅसेट असो, सीडी असो, ते तिला रेकॉर्डच म्हणत, पहिल्या दिवशी आणत, तीनदा ऐकत आणि म्हणत, "माणूस बदलतो. त्याला बदलू द्यावं. उगाच का धरून बसायचं?" मुलीने एकदा चिडवलं, "बाबा, आईला इतकी सूट कधी मिळाली नाही." काकू हसल्या, पण जरा जास्तच वेळ हसल्या.

एक गोष्ट मात्र काकांनी कोणालाच सांगितली नव्हती. प्रत्येक नवी रेकॉर्ड ते तीनदा ऐकत ते शिळेसाठी. त्या तुताऱ्यांच्या, मशीनच्या, पोरांच्या कोरसच्या मागे कुठेतरी ती असेल म्हणून कान लावून बसत. एखाद्या ओळीत अर्धा क्षण लागली की पुढची दोन-तीन वर्षं त्यावर काढत. याला ते निष्ठा म्हणत होते.

काका त्रेसष्टचे झाले तेव्हा बातमी आली की शीळवाला शेवटची रेकॉर्ड करतोय. एकटा, फक्त गिटार घेऊन. नंतर गाणं बंद. आणि त्याच महिन्यात डॉक्टरबाईंकडून नेहमीच्या खोक्यात एक ठसा आला. सोबत चिठ्ठी होती. वरची पूर्ण कवळी, काम लवकर हवं, आणि खाली दोनदा अधोरेखित: पुढच्या दोन दातांत फट नको. पेशंटची खास इच्छा. चिठ्ठीवरचं नाव काकांनी वाचलं आणि ते स्टुलावर बसले. चाळीस वर्षं ज्या तोंडाचा आवाज ऐकला, त्या तोंडाचा प्लास्टरचा साचा त्यांच्या तळहातावर होता.

कवळीचं काम असं असतं की आधी दात मेणात बसवतात. ती मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात लावून बघतात. पेशंट हो म्हणाला की मगच ती पक्की करायची, आणि त्यानंतर एक दातही हलवायचा नाही. काकांनी चिठ्ठीप्रमाणे दात जुळवून बसवले. ट्रायल झाली. डॉक्टरबाईंचा फोन आला, "काका, पेशंट खूश आहे. आरशासमोर बसून एकच ओळ दहा वेळा म्हणाला."

काकांनी फोन ठेवला आणि मेणाच्या कवळीकडे बघत बसले. दात सरळ, सारखे, कोणाचेही असावेत असे. शेवटची रेकॉर्ड, एकटा आवाज, एक गिटार, आणि शीळ नाही. त्याला कळत नाहीये तो काय मागतोय, असं त्यांना वाटलं. दात पडून म्हातारा हादरलाय, घाबरून बोलतोय, नंतर पस्तावेल. दुसऱ्या दिवशी ते घरून पहिल्या रेकॉर्डचं कव्हर घेऊन आले. त्यावर तो हसतानाचा फोटो होता. भिंगाखाली धरून त्यांनी पेन्सिलीने दातांच्या कडांवर दोन बारीक रेघा मारल्या, मधलं अंतर मोजलं, साच्याशी हिशोब जुळवला. मग सुरी गरम करून मेण सैल केलं आणि दोन्ही दात जरा जरा बाजूला सरकवले. पोस्टकार्ड जाईल एवढी फट. एकोणचाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी ट्रायलनंतर दात हलवला नव्हता. हात थरथरला नाही, याचंच त्यांना नंतर फार वाईट वाटलं.

शनिवारी कवळी बसवली. तासाभरात बाईंचा फोन.

"काका, फट कशी आली? ट्रायलला तर नव्हती."

"सरकतात कधीकधी, बाई. पक्की करताना उष्णतेने."

"तुमच्या हातून कधी सरकले नाहीत. त्यांचं सोमवारपासून रेकॉर्डिंग आहे हो. परत करायला किती दिवस?"

फट भरायला तासभर पुरला असता. काका म्हणाले, "आठवडा तरी लागेल."

बाईंनी पलीकडे कोणाशी तरी बोलून घेतलं आणि म्हणाल्या, "राहू दे म्हणतात. तारखा बदलता येणार नाहीत." काकांना सुटल्यासारखं झालं. संध्याकाळी घरी जाताना ते चक्क गुणगुणत होते. काकूंनी विचारलंही, आज काय विशेष?

त्यानंतर पंधरा दिवसांनी खिडकीत दोन अनोळखी पाय थांबले. तपकिरी बूट, एक नाडी सुटलेली. मग जिन्यावर पावलं वाजली आणि शीळवाला दारात उभा राहिला. फोटोपेक्षा बुटका होता.

"डॉक्टरबाई बाहेरगावी गेल्यात. त्यांनीच इथला पत्ता दिला," तो म्हणाला. "कवळी मागच्या बाजूला टोचते. घासून द्याल का?"

'घासून'मधल्या 'स'ला शीळ वाजली. काकांनी हात पुढे केला, त्याने तोंडातली कवळी काढून रुमालात गुंडाळून दिली. तोंडाला हात लावून तो स्टुलावर बसला. दात नसलेल्या माणसाकडे बघायचं नसतं, हा या धंद्यातला रिवाज. काकांनी पाठ केली आणि मशीन चालू केलं. घासून झाल्यावर त्याने कवळी लावून बघितली, मान हलवली.

"रेकॉर्डिंग कसं झालं?" काकांनी विचारलं. एवढं विचारायला हरकत नव्हती.

"झालं." तो हसला. "तुमचा दोष नाही. सरकतात म्हणे दात. पण गंमत बघा. आयुष्यभर ही शीळ माझ्या मागे लागली. माझे शब्द कोणी ऐकलेच नाहीत, शीळ ऐकली. ती बुडावी म्हणून बारा माणसांचा बँड घेतला, लोकांनी शिव्या घातल्या. मशीन आणली, त्यात ती जरा लपायची. मुलांची गाणी केली ती कोरस मिळतो म्हणून. एवढं सगळं करून दमलो, तर एक दिवस दातच पडले. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, बाई, पेढे वाटायला पाहिजेत. आता एकदा तरी स्वच्छ गाईन. एकटा."

काकांच्या हातात ब्रश तसाच राहिला. बँड, मशीन, मुलं; चाळीस वर्षं ज्याला ते बदल म्हणत आले आणि मोठ्या मनाने माफ करत आले, तो एकच प्रयत्न होता. आणि ते प्रत्येक वेळी भिंग घेऊन नेमकं तेच शोधत होते, जे तो लपवत होता.

"द्या इकडे," ते घाईने म्हणाले. "आत्ता बंद करून देतो. तासाभराचं काम आहे."

बोलल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो.

"तासाभराचं?" शीळवाला म्हणाला. "बाई तर आठवडा म्हणाल्या होत्या."

शीळवाल्याची नजर खोलीभर फिरली आणि टेबलाच्या वरच्या फळीवर थांबली. पहिल्या रेकॉर्डचं कव्हर अजून तिथेच टेकवून ठेवलेलं होतं. त्याने उठून ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. तेवीस वर्षांचा तो हसत होता आणि त्याच्या दातांवर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या.

"चाहते आहात," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बरोबर आहे."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने कव्हर होतं तसं परत फळीवर ठेवलं. काकांना म्हणायचं होतं की सगळ्या रेकॉर्डी आहेत माझ्याकडे, सगळ्या, मेहुण्याशी भांडलो तुमच्यासाठी. पण हे कोणत्या तोंडाने सांगणार? ते एवढंच म्हणाले, "माझी चूक झाली. बंद करून देतो, बसा."

"राहू द्या. गाणं संपलं. जेवायला फटीचा काय त्रास?"

जिना चढून तो गेला. खिडकीतून बूट जाताना दिसले. नाडी अजून सुटलेलीच होती आणि काकांना वर हाक मारून तेही सांगता आलं नाही.

तीन महिन्यांनी रेकॉर्ड आली. कित्येक वर्षांनी मेहुण्याचा आपण होऊन फोन आला. "भावोजी, आला बघा परत! पहिल्याच गाण्यात शीळ! मी म्हणतच होतो." वर्तमानपत्रांतही तेच. सगळे गळालेले चाहते एकदम परत आले, आणि कधीच न गेलेले काका खुर्चीत बसून पहिल्यांदा ऐकत होते. मेहुण्याचं खरं होतं. पहिल्या गाण्यात शीळ होती, अगदी तशीच, फोटोवरून मोजून घेतलेली.

दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी आतला कागद समोर धरला. त्यावर गाण्यांचे शब्द छापलेले होते. दुसऱ्या गाण्यापासून त्यांच्या लक्षात आलं की कागदावर आहे ते सगळं तो गात नाहीये. जिथे शीळ लागली असती, तिथे तो थांबत होता आणि गिटार एकटीच पुढे जात होती. काका बोट ठेवत गेले. एक शब्द, अर्धी ओळ, एका ठिकाणी अख्खं कडवं. चाळीस वर्षं थांबून जे त्याला एकदा स्वच्छ म्हणायचं होतं, ते कागदावर होतं आणि आवाजात नव्हतं. पेपरवाल्यांनी या थांबण्याची फार तारीफ केली होती.

"तिसऱ्यांदा लावू?" काकूंनी विचारलं. त्या दारात उभ्या होत्या. त्यांना काकांनी सगळं सांगितलं होतं, शीळवाला येऊन गेला त्या रात्रीच.

"नको."

काकूंनी रेकॉर्ड उचलून पाकिटात घातली आणि बाकीच्यांच्या शेवटी ठेवली. मोठ्या मनाचं प्रदर्शन न करता कोणाला कसं सांभाळून घ्यावं, हे त्यांना काकांपेक्षा बरंच आधी कळलं होतं.

मेहुणा हल्ली वरचेवर येतो आणि प्रत्येक वेळी विचारतो, "भावोजी, इतक्या वर्षांनी तुमच्या मनासारखी झाली. बोला की, कशी वाटली?"

"अजून तीनदा ऐकून झाली नाही," काका म्हणतात.