नेट बंद, तरी धनराजभाऊ सुरू

गुरुवारी सकाळी अकरा वाजता आरमोरीत इंदुताईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर बाया, अंगणात बाप्ये आणि ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही ते कुंपणाच्या भिंतीवर. धानाची रोवणी अर्धी टाकून लोक आले होते, कारण दहा महिन्यांपूर्वी वारलेले धनराजभाऊ आज पुन्हा बोलणार होते. मागचे दोन गुरुवार ते बोलले होते. जिवंतपणी एवढी गर्दी त्यांना कधी मिळाली नव्हती.

मी इतवारी. गावात घरोघर इंटरनेटची तार ओढतो आणि ती तुटली की शिव्या खातो. रस्ता खोदणाऱ्या मशीनने तार तोडल्यामुळे दोन दिवसांपासून त्या गल्लीत नेट नव्हतं. पण इंदुताईंच्या लेकीने, मयुरीने, फोन केला तो वेगळ्याच कारणासाठी.

"इतवारीभाऊ, नेटचं राहू द्या. तुमी फक्त या. आई सुई घेऊन नाई राह्यली."

सुई म्हणजे इन्सुलिनची. इंदुताईंना पंधरा वर्षांपासून साखर. दोन आठवड्यांपूर्वी मेलेल्यांना बोलावणारे नादबाबा घरी आले आणि देवघरातून आवाज आला, "इंदू... सुई... सोड आता." आवाज नवऱ्याचाच. त्या दिवसापासून सुई बंद आणि नादबाबांचं नादजल सुरू. नादजल म्हणजे बाबांनी ज्याच्याकडे बघून ओंकार म्हटला ते बोअरचं पाणी. इकडे इंदुताईंच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. दवाखान्यातल्या स्वाती सिस्टरने स्पष्ट सांगितलं होतं की असंच चाललं तर आधी पाय जाईल, मग बाई जाईल.

मी शिडी भिंतीला टेकवली आणि आत शिरलो.

नादबाबा देवघरासमोर पाटावर बसले होते. भगवं रेशमी उपरणं, काळा चष्मा, दहा बोटांत आठ अंगठ्या.

"ब्रह्मांड काय आहे?" बाबा गरजले. "कंपन! तुम्ही काय आहात?"

"कंपन!" लोक ओरडले.

"आत्मा मरतो का? नाही. तो फक्त वारंवारता बदलतो. मी त्याला परत स्टेशनावर आणतो. हे क्वांटम आहे, क्वांटम!"

"कोन टम?" भिंतीवरच्या कोलू म्हाताऱ्याने विचारलं. बाजूच्याने त्याला कोपराने गप्प केलं.

धनराजभाऊ ज्यातून बोलायचे तो लोट्याएवढा काळा स्पीकर देव्हाऱ्याशेजारीच होता. भाऊंनी ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गावी घर बांधून वायफाय बसवलं. हा स्पीकरही त्यांचाच. अंगणात खाटेवर लोळत फोनवर आरती लावायचे आणि ती देवघरात वाजायची. माणूस भारी दिलदार. वायफायचा पासवर्ड त्यांनी बाहेरच्या भिंतीवर, 'शुभ लाभ'च्या खाली, लाल ऑइलपेंटने वीतभर अक्षरांत लिहून ठेवला होता. शेजाऱ्याला विरजण द्यावं तसं त्यांनी अख्ख्या गल्लीला नेट दिलं. ते गेल्यावरही तो पासवर्ड कोणी पुसला नाही. भाऊंची आठवण म्हणून दिवाळीला चुना मारतानासुद्धा तेवढी जागा सोडली होती.

बाबांची नजर माझ्या शिडीवर गेली. "हा बघा नेटवाला! सांग बाळा, नेट चालू आहे की बंद?"

"बंद हाये," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार?

"ऐका!" बाबांनी दोन्ही हात वर केले. "फोन नाही. तार नाही. नेटही नाही. आणि तरी... ये, धनराज, ये!"

स्पीकर खरखरला. "इंदू... सुई... सोड आता."

अंगणात हुंदका फुटला. इंदुताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी स्पीकरसमोर डोकं टेकलं. खरं सांगतो, माझेही हात जोडले गेले. मला पहिलं काम याच माणसाने दिलं होतं. मग त्या सुजलेल्या पायाकडे लक्ष गेलं आणि माझं डोकं फिरलं.

त्यात बाबांनी आपल्याच तोंडाने स्वतःला अडकवलं होतं. नेट बंद म्हणजे बाहेरून येणारी वाट बंद. पण घरातला वायफायचा डबा जिवंत होता, त्याचे दिवे लुकलुकत होते. एकाच डब्याला जोडलेले फोन आणि स्पीकर आपसात बोलायला बाहेरच्या नेटची गरजच नसते. फोनमध्ये साठवलेला आवाज डब्यात जातो, डब्यातून स्पीकरला. म्हणजे आवाज सोडणारा स्वर्गात असणं शक्य नव्हतं. तो पन्नास-साठ फुटांच्या आतच होता.

मी माझ्या फोनवर डब्याला जोडलेल्यांची यादी उघडली. नेट गेल्यापासून गल्लीने आपापलं वायफाय बंद केलं होतं, त्यामुळे यादीत चारच नावं होती. स्पीकर, मयुरी, मी आणि चौथा 'निकेश भक्त'.

निकेश म्हणजे बाबांचा पट्टशिष्य. तो कुंपणाला खेटून उभ्या जीपमध्ये डोळे मिटून जप करत होता. एक हात झोळीत.

"बाबा," मी म्हणालो, "भाऊंना अजून एकदा बोलवा नं." आणि डब्याचं बटण बंद केलं.

बाबांनी हात वर केले. स्पीकर गप्प. त्यांनी डावा हात हलवला, उजवा हलवला. जीपमधली झोळी जोरजोरात हलू लागली.

"आत्मा रुसला," बाबा म्हणाले. "कोणीतरी अपवित्र आहे इथे."

"मीच आहो," मी म्हणालो. "पण आत्म्याले हा चायनाचा डबा काऊन लागते जी?"

दोन-चार जण हसले. मी डबा चालू केला, स्पीकर जोडला जाईपर्यंत थांबलो आणि माझ्या फोनातला बायकोचा सकाळचा संदेश त्यावर सोडला.

देवघरातून आवाज आला, "येताना अर्धा किलो भेदरं आना. अन् सडके टमाटे आनसान तं घरात घेनार नाई!"

कोलू म्हाताऱ्याने सवयीने हात जोडले. मग त्याला कळलं. "अबे, हे तं इतवारीची बायको हाये!"

अंगण हसून लोळलं. बाबांनी उपरणं आवरलं. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, पण भिंतीवरची मंडळी आधीच तिच्यासमोर उतरली होती. झोळीतून फोन निघाला. त्यात भाऊंच्या आवाजाचे तुकडे ओळीने मांडलेले. दोन महिन्यांपूर्वी 'नादमंत्राची रिंगटोन टाकून देतो' म्हणून निकेश इंदुताईंचा फोन तासभर घेऊन बसला होता, तेव्हाची ही कमाई.

हसू थांबलं तेव्हा लक्षात आलं की एकट्या इंदुताई हसल्याच नव्हत्या.

"पन आवाज तं त्याइचाच होता नं?" त्यांनी विचारलं. "मी काय बहिरी हाओ?"

याचं उत्तर मयुरीकडे होतं. तिने आईचा फोन घेतला, बापाचे जुने संदेश शोधले आणि एक स्पीकरवर लावला. पूर्ण.

"इंदू, सोड आता तो राग. मी ऊर्जानगरहून निघून राह्यलो."

मग दुसरा. "इंदू, सुई घेतली का? जेवाच्या आधी घे. मी इथून रोज विचारीन, तुले कटकट वाटली तरी."

एकातून 'सुई' उचलली होती, दुसऱ्यातून 'सोड आता'. मधलं माणूसपण तेवढं कापून फेकलं होतं. त्या क्षणी मला बाबांची किळस आली. मेलेल्या नवऱ्याची काळजी चोरून त्यांनी तिच्याच जिवावर उलटवली होती.

इंदुताईंनी डोळे पुसले, पदर सावरला आणि स्पीकरकडे बघून म्हणाल्या, "घेतो जी, घेतो." मयुरी सुई आणायला आत पळाली. दुपारी स्वाती सिस्टरने पाय तपासला, तोंडभर रागावली आणि चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. अंगठा गेला. पाय वाचला.

भिंतीवरचा पासवर्ड मी चुन्याने पुसला आणि डब्यात नवीन टाकला. तो आता गल्लीत प्रत्येकाला इंदुताई स्वतःच्या तोंडाने सांगतात, पण आधी नाव विचारतात.

आपणही तेवढंच करावं. देवघरातून, आभाळातून, कुठूनही आवाज आला तर ऐका जरूर. पण हात जोडायच्या आधी विचारा, फोन कोणाच्या हातात आहे? आणि तो आवाज औषध सोडायला सांगत असेल, तर तो आपल्या माणसाचा नाही. आपलं माणूस विचारतं, सुई घेतली का?