झिरप्या

“टेप ताणून धरा, बाई.”

रोजंदारीवर आलेल्या पंचफुलाबाईनं टेपचं टोक बुंध्याला दाबून धरलं. शाखा अभियंता धनसिंग झाडाला वळसा घालून आले. “साडेचार फूट. लिहा, मामा.”

जळबानं लिहिलं. २००४ सालचा एप्रिल. पाटाला सिमेंटचं अस्तर होणार होतं आणि त्याआधी भरावावरची झाडं निघणार होती. बाभळी, निंब, करंज अशी यादी तीन दिवस चालली होती. जळबा या पाटाचा पाटकरी. पाळीचं पाणी शेतांना सोडायचं, गळती दिसली की काळी माती आणि बारदान ठासून बुजवायची आणि दर आठवड्याला नोंदवहीत तसं लिहायचं. सत्तावीस वर्षं त्यानं हेच केलं. निवृत्तीला एक महिना उरला होता.

“जात?”

“सादडा.”

“स्थानिक नाव? यादीत रकाना आहे.”

“तेच, साहेब. सादडाच.” जळबानं घाईनं सांगितलं.

भरावाखाली मेंढरांना पाणी पाजत बसलेला पुंजाजी हसला. “सादडा कोन म्हनतं त्याला? झिरप्या म्हन की. चार गावांत झिरप्याच म्हनतेत.”

“का बरं?” धनसिंगांनी विचारलं.

“पाट झिरपून राहिला ना इथं, साहेब. माझी मेंढरं भर उन्हाळ्यात बी पानी पितेत. जळबाची मेहरबानी.”

तो हे मनापासून बोलला होता.

नाव चार गावांत होतं. पंचफुलाबाईचं गाव पाचवं, पाटाच्या शेवटच्या टोकाला. टेलला. तिथपर्यंत पाणी पोचत नव्हतं, तसं हे नावही पोचलं नव्हतं. तिनं टेप सोडला. तो सर्रकन धनसिंगांच्या हातात गेला. ती भराव उतरली. खाली पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला. पाय उपसून तिनं तो नीट पाहिला.

“जळबाभाऊ, टेलला पानी येत न्हाई म्हनून मी दर साली अर्ज देत व्हते. तुमी काय म्हनायचे?”

जळबानं पेन खिशाला लावलं.

“वरचे लोक पाटाला मोटारी लावतेत, म्हनायचे. मी वरच्या लोकायला शिव्या दिल्या. लेकराबाळावरून दिल्या.”

“मोटारी बी लावतेत बाई,” पुंजाजी पुटपुटला.

“तू गप रे, मेंढरंवाल्या. तुझं पोट भिजलंय.”

सांगण्यासारखं कारण जळबाकडे नव्हतं. १९८६च्या मे महिन्यात इथं बोटभर धार दिसली होती. तो नऊ किलोमीटर चालून आला होता, खांद्यावर ओलं बारदान होतं आणि तो दमला होता. उद्या बुजवू म्हणून त्यानं ‘गळती नाही’ असं लिहिलं. पुढच्या आठवड्यात तिथं मेंढरं उभी होती. पावसाळ्यानंतर सादड्याचं वीतभर रोप दिसलं. मग झाड वाढत गेलं. त्याच्या सावलीत त्यानं अठरा वर्षं भाकरी खाल्ली आणि तिथंच बसून दर आठवड्याला तेच दोन शब्द लिहिले.

धनसिंग जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, “मामा, महिना राहिलाय तुमचा. आज सापडलेली नवीन गळती म्हणून लिहा. मी सही करतो. विषय संपला.”

जळबा मुळीवर बसला. नोंदवही मांडीवर घेतली.

“नवीन कशी लिहू, साहेब? झाड केवढं झालं बघा की.”

“झाड पुढच्या आठवड्यात राहणार नाही.”

“घेर आत्ताच लिहिला म्या.”

“चौकशी लागेल. तुमचे पेन्शनचे कागद अडकतील.”

“लागू द्या. न्हाई न्हाई लिहून लई थकलो.”

त्यानं लिहिलं : गळती आहे. सन १९८६ पासून. पाटकऱ्यास माहीत होती. मग झाडांच्या यादीत, स्थानिक नावाच्या रकान्यात लिहिलं : झिरप्या.

झाड तोडलं. गळती जळबानंच बुजवली. चौकशी लागली. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात शाल आणि नारळ आणलेले नव्हते. किल्ल्या टेबलावर ठेवून तो एसटीनं घरी गेला. कागद पुढंही अडकूनच राहिले.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये नव्या पाटातून पहिली उन्हाळी पाळी सुटली. जळबा सकाळीच निघाला आणि पाण्याच्या कडेकडेनं चालत राहिला. झिरप्याच्या जागी पांढरं सिमेंट होतं, खालची माती भेगाळली होती. तिथं तो थांबला नाही.

टेलला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. पंचफुलाबाई पदर खोचून फावड्यानं पाणी वळवत होती. दोन एकरांत तिनं पहिल्यांदाच उन्हाळी भुईमूग टाकला होता. तिनं त्याला पाहिलं. एक वाफा पुरा भरून घेतला, मगच बोलली.

“चालत आले?”

“व्हय.”

“बसा म्हनलं असतं.” तिनं शेतावरून नजर फिरवली. चारही बांधांवर एकही झाड नव्हतं. “पन सावली न्हाई हितं.”

“असू द्या.”

जळबानं चपला काढल्या आणि पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत तो बांधावर उन्हात उभा राहिला.