पंचवीस रेघांचं इंजिन

बायको गेली त्याला पंधरा दिवस झाले होते. पण आपलं नेमकं काय गेलं, ते मला सोळाव्या दिवशी सकाळी कळलं. त्या दिवशी विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू झालं नाही.

हे इंजिन म्हणजे गावातली माझी सगळी इज्जत. दुसऱ्यांची इंजिनं खोकायची, काळा धूर ओकायची, चार-पाच वर्षांत भंगारात जायची. माझं बावीस वर्षं एका हँडलात सुरू. शेडमध्ये जायचं, इंजिनाच्या डोक्यावर थाप मारायची, हँडल फिरवायचं, की धडधड चालू. कुणी विचारलं तर मी सांगायचो, "हात लागतो, हात! शिकवून येत नाही." लोक मला इंजिनबुवा म्हणायचे आणि मी खुशाल म्हणवून घ्यायचो.

इतके दिवस शेजाऱ्याने आमच्या कोबीला त्याच्या विहिरीचं पाणी दिलं होतं. आता त्याची विहीर तळाला गेली. कोबीची रोपं माना टाकून पडली होती. बायकोच्या हातची ती शेवटची लावण. दुपारपर्यंत पाणी मिळालं नाही तर गेलीच.

मी ड्रममधलं डिझेल टाकीत ओतलं, थाप मारली, हँडल मारलं. इंजिन एकदा शिंकलं आणि गप्प बसलं. पन्नास हँडलं मारली. खांदा हातात यायची वेळ आली. शेवटी फिटरला बोलावलं. घर बघायला म्हणून राहिलेली मेहुणीही मागोमाग आली, शेजारी तर आधीच येऊन बसला होता.

फिटरने फिल्टर उघडला. आत चिखल. टाकीच्या तळाशी पाणी.

"बुवा, डिझेल गाळलं नाही?"

"डिझेल म्हणजे काय चहा आहे गाळायला?"

फिटर माझ्याकडे बघतच राहिला. मेहुणीने तोंडाला पदर लावला.

"दाजी, खरंच तुम्हाला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"अहो, तुमची आंघोळ होईपर्यंत ताई इथे येऊन जायची. डिझेल गाळायची, टाकीतलं पाणी खालून सोडायची, काडी घालून तेल बघायची, हवेची जाळी धुवायची. इंजिन एकदा चालवून बंद करायची. मग घरी येऊन तुम्हाला म्हणायची, 'जा आता, तुमच्याशिवाय ते सुरू होत नाही.'"

फिटरला हसू आवरेना. "पाना न्यायला वहिनीच यायच्या माझ्याकडे. म्हणायच्या, यांना सांगू नका, थाप मारायची फार हौस आहे त्यांना."

"म्हणजे हे गावाला माहीत होतं?"

"फक्त बायकांना," मेहुणी म्हणाली.

"आणि पुरुषांना?"

"पुरुषांना आम्हा बायकांनी सांगितलं."

शेजारी विहिरीत बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते. मग मीही फुटलो. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. सोळा दिवसांत पहिल्यांदा.

शेडच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. ओळीच्या ओळी, भरलेल्या प्रत्येक ओळीवर फुली. मी तिकडे बोट केलं.

"मग या रेघा कसल्या?"

"इंजिन चाललं की दिवसाला एक," फिटर म्हणाला. "पंचवीस झाल्या की तेल बदलायचं आणि फुली मारायची. तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, मी भांडलो की ती रेघ मारते. ओळ भरत आली की मी आपला नीट वागायचो."

आता फिटर खालीच बसला. हातातला पाना तेलाच्या डब्यात पडला.

हसून झाल्यावर त्याने विचारलं, "गाळायचं फडकं कुठे गेलं? त्या खिळ्याला असायचं."

तिच्या निळ्या लुगड्याचा तो तुकडा होता. ती गेल्यावर मीच काढून घरी नेला होता. दोनदा साबणाने धुतला आणि उशीखाली ठेवला.

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "उशीखाली."

मग मेहुणी म्हणाली, "तरीच म्हटलं, दाजींच्या खोलीत डिझेलचा वास कसा! घेऊन या ते. ताईने याच कामाला फाडलं होतं."

मी धावत गेलो. साठीचा माणूस, एक चप्पल वाटेत राहिली. फडकं आणलं, डिझेल गाळलं. फिटरने टाकीतलं पाणी सोडलं, फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली आणि हँडल माझ्या हातात दिलं.

"थाप मारू का?" मी विचारलं.

"मारा, मारा. त्यालाही सवय झाली असेल."

थाप मारली. तिसऱ्या हँडलला धडधड सुरू झाली. पाटात पाणी आलं, शेजारी टोपी उडवून ओरडला, मी एका चपलेवर कोबीत नाचलो.

कोबी वाचला. फडकं खिळ्यावर आहे. आता सकाळची आंघोळ नंतर, आधी इंजिन. शेवटच्या ओळीत सतरा रेघा तिच्या होत्या, त्यापुढे आठ मी मारल्या. काल तेल बदललं.

फुली मारायची राहिली आहे.