सरळ केलेला समुद्र

संग्रहालयाच्या बाईंनी किनाऱ्यावरच्या घराघरांत छोटे कॅमेरे वाटले आणि सांगितलं, "जी जागा सोडवत नाही, तिचे फोटो काढा." छपाईचं काम आमच्या स्टुडिओकडे आलं. नवऱ्याला आभाळ ठेंगणं झालं.

माझा नवरा म्हणजे सरळपणाचा वेडा. फोटोत क्षितिज जरा तिरकं दिसलं की त्याच्या डोक्यात तिडीक जाते. "समुद्र कधी तिरका असतो का?" म्हणत तो फोटो फिरवतो, कडा कापतो, मगच छापतो. गिऱ्हाईकंही खूश.

वन्सं, म्हणजे त्याची मोठी बहीण, बंधाऱ्यालगतच्या शेवटच्या घरात एकट्या राहतात. समुद्र जमीन खात जवळ येऊ लागला तसे शेजारी केव्हाच उठून गेले. आम्ही दोघं सांगून सांगून थकलो. त्यांचं आपलं एकच, "माझ्या खिडकीतला समुद्र तुमच्या गल्लीत आणून द्या, लगेच येते." मला त्या हट्टी बाईचा राग यायचा, आणि वारा सुटला की त्यांच्याच काळजीनं झोप लागायची नाही. दर आठवड्याला त्यांनी त्याच खिडकीतून फोटो काढला. प्रत्येक फोटो तिरका. नवऱ्यानं मुकाट्यानं सरळ केला.

प्रदर्शनाच्या सकाळी ते फोटो भिंतीवर ओळीनं लागले. समुद्र कसा ताटासारखा सपाट! वन्संचा मात्र पत्ता नव्हता. मी फोन लावला आणि नेहमीसारखी खोडी काढली, "वन्सं, हात फार वाकडा हो तुमचा! समुद्र सरळ करता करता तुमचा भाऊ मेटाकुटीला आला."

"माझा हात?" त्या उखडल्याच. "अगं, मी कॅमेरा हातात धरतेच कुठं? खिडकीच्या कठड्यावर ठेवते अन् बटण दाबते."

फोन तसाच चालू ठेवून मी हे नवऱ्याला सांगितलं. तो हसला, आणि हसता हसता थांबला. लॅपटॉप उघडून त्यानं मूळ फोटो काढले. पहिल्यात समुद्र डावीकडे किंचित कललेला. पुढच्यात त्याहून जास्त. शेवटच्यात इतका, की पाणी आता सांडेल असं वाटावं. कललं होतं ते घर.

नवऱ्यानं माझ्या हातून फोन हिसकावला. "ताई, आहेस तशी बाहेर पड! आत्ताच्या आत्ता!"

"ओरडतोस काय?" वन्संचा आवाज मलाही ऐकू आला. "तिकडंच निघालेय की कधीची. हे मेलं दारच उघडत नाहीये. सकाळपासून ओढतेय."